शिष्यवृत्तीच्या जीआरमध्ये रकमेआधी काय वाचायचं?

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इकडचे बीएस्सी-एमएस्सीचे विद्यार्थी भेटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कोणत्या स्कॉलरशिपमध्ये जास्त पैसे आहेत?" प्रश्न बरोबरच आहे, पण संशोधनाकडे जायचं असेल तर तेवढ्याने भागत नाही. आपण एखादा रिसर्च पेपर जसा वाचतो, म्हणजे निष्कर्षाआधी पद्धत बघतो, तसे योजनांचे शासन निर्णय वाचून बघा. मग त्यांची खरी उणीव रकमेत कमी आणि वेळेत जास्त दिसते. पैसा येतो, पण बहुतेक वेळा खर्च होऊन गेल्यावर येतो. आणि एक योजना संपून दुसरी सुरू होईपर्यंत जे महिने मधे पडतात, त्यांचा उल्लेख कोणत्याच जीआरमध्ये नसतो. माझी टीका या दोन गोष्टींवर आहे.

आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना घेऊ. जानेवारी २०१७ चा हा निर्णय अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. सरकारी वसतिगृहासाठी पात्र असूनही जागा मिळाली नाही, तर भोजन, निवास आणि निर्वाह यासाठी रोख रक्कम थेट खात्यात. कल्पना उत्तमच आहे. आता मूळ कोष्टक बघा. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, महसूल विभागाच्या शहरांत आणि इतर काही महापालिकांत ५१,०००, बाकीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. म्हणजे अमरावतीत राहिलात तर ५१,०००, यवतमाळला ४३,०००. आणि पुसद, वणी, उमरखेड? मूळ कोष्टकात तालुक्याचा रकानाच नव्हता. पुसदला, वणीला वर्षानुवर्षं सिनिअर कॉलेजं आहेत, आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं तिथेच खोली करून राहतात. पण कागदाच्या हिशेबात खोलीचं भाडं फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी पडत होतं.

यवतमाळचे ४३,००० फोडून बघा: भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर जेवणाला महिन्याला २,५०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ८३. खोलीला महिन्याला १,२००. या आकड्यांवर मी वेगळं भाष्य करत नाही, तुम्ही मेस लावली असेल तर तुम्हीच करा.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तिचं कोष्टक उघडा: ६०,०००, ५१,०००, ४३,०००. मधे जवळपास सात वर्षं गेली, गॅस आणि तेल कुठल्या कुठे गेलं, आकडे मात्र जागचे हलले नाहीत. पेपरमध्ये एखाद्याने सात वर्षांपूर्वीचा डेटा तसाच चिकटवला तर रिव्ह्यूअर सोडत नाही. एक चांगला बदल झाला, तालुक्याच्या ठिकाणासाठी ३८,००० चा रकाना आला, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच निर्णयात प्रत्येक जिल्ह्याला ६०० विद्यार्थी, छत्तीस जिल्ह्यांचे मिळून २१,६०० असा कोटा आहे. सिंधुदुर्गालाही ६०० आणि सोळा तालुक्यांच्या यवतमाळलाही ६००. नमुना निवडताना असं सरसकट वाटप केलं तर आपले गाईड आधी काय विचारतील, ते तुम्हाला माहीत आहे.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. आपल्या जिल्ह्यात तिचे दोन दरवाजे आहेत: पांढरकवड्याचं आणि पुसदचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. झरी जामणीकडच्या मुलाला पांढरकवडा, उमरखेड-महागावकडच्याला पुसद. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. कापसाच्या पट्ट्यातल्या किती घरांना ती लागू पडेल याचा अंदाज करा, आणि तुमच्या वर्गात किती जणांनी तिचा फॉर्म भरलाय तेही विचारून बघा.

आता वेळेचं. स्वाधारची अट अशी की वसतिगृहात जागा मिळाली नाही हे आधी ठरायला हवं. म्हणजे प्रवेश झाला, मग वसतिगृहाची यादी लागली, मग स्वाधारचा अर्ज, मग पडताळणी, आणि ७५ टक्के हजेरी. हा क्रम कागदावर तर्काला धरूनच आहे. पण घरमालक पहिल्याच महिन्यात डिपॉझिट मागतो. जो मुलगा हे पैसे आधी कुठून तरी उभे करू शकतो, तोच मदत मिळेपर्यंत शहरात टिकतो. ज्याला ते जमत नाही तो पहिल्या दोन महिन्यांतच गावी परततो, आणि मग हजेरीच्या अटीत अडकतो. योजना ज्याच्यासाठी काढली, नेमका तोच गाळणीतून खाली पडतो.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही अशीच एक चूल मांडली गेली आहे. २३ डिसेंबर २०२० ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने तिला नवं रूप दिलं. खर्चाची वाटणी ६०:४०, आणि केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. यामागचा विचार मला पटतो. पैसा कॉलेजच्या खात्यातून फिरताना काय काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण याच बदलामुळे फीची जबाबदारीही विद्यार्थ्याकडे आली: रक्कम जमा झाल्यापासून सात दिवसांत कॉलेजला भरायची. उशिरा आलेला पैसा, मधल्या काळात घरात झालेलं आजारपण किंवा पेरणी, आणि सात दिवसांची मुदत. हे तिन्ही एकत्र आले की मुलगा कॉलेजच्या लेखी थकबाकीदार होतो, आणि मग त्याची मार्कशीट अडकते. निर्वाह भत्त्याचा आकडाही लक्षात ठेवा: साध्या बीएस्सीला घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,००० रुपये. वर्षाला, महिन्याला नव्हे.

या योजनेचा इतिहास थोडा सांगते, कारण मुद्दा तिथेच आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली की काय होतं, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले, तीन वर्षांसाठी, परत येऊन संस्थानात नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचं संशोधन अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. मधली तीन वर्षं गेली ती बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. पैशाचं वेळापत्रक आणि संशोधनाचं वेळापत्रक जुळलं नाही म्हणून.

शंभर वर्षांनंतर तुमच्यापुढे तीच फट आहे, फक्त ती आता एमएस्सी आणि पीएचडी यांच्या मधे आहे. क्रम मांडून बघा. चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागतो आणि तुम्ही 'विद्यार्थी' राहत नाही. त्या दिवशी महाडीबीटीवरच्या सगळ्या योजना बंद. मग नेट किंवा विद्यापीठाची पेट, मग गाईड शोधणं, सिनॉप्सिस, आरआरसी, आणि मग कुठे नोंदणीचं पत्र. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपचा अर्ज त्या पत्राशिवाय करता येत नाही. म्हणजे वाचन, विषय ठरवणं, सिनॉप्सिस लिहिणं हे संशोधनाचं सगळ्यात नाजूक काम तुम्ही पूर्णपणे बिनपगारी करता. ज्याच्या घरी शेतावर किंवा दुकानावर हाताची गरज आहे, तो इथे गळतो. आणि गळाला असं कुठे नोंदलंही जात नाही, कारण तो कोणत्याच यादीत आलेला नसतो.

नेट-जेआरएफ मिळाली तर गोष्ट वेगळी: १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,०००, पुढे एसआरएफला ४२,०००. नाही मिळाली तर? केंद्रीय विद्यापीठांत नॉन-नेट फेलोशिप आहे, ८,००० रुपये. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ राज्याचं आहे, तिथे ती नाही. शेजारी वर्ध्याला केंद्रीय विद्यापीठ आहे, पण ते मुख्यतः भाषा आणि सामाजिक शास्त्रांचं. एकाच दर्जाचं काम करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला काहीच नाही, आणि कारण काय, तर विद्यापीठाच्या पाटीवर 'केंद्रीय' शब्द नाही.

राज्याच्या संस्थांनी ही जागा काही प्रमाणात भरली होती, आणि अनेक घरांतून पहिला पीएचडी त्यांच्यामुळे झाला. पण समान धोरणाच्या नावाखाली प्रत्येक संस्थेला २०० जागांची मर्यादा आली. २४ डिसेंबर २०२३ च्या चाळणी परीक्षेत तर २०१९ च्या सेटचाच पेपर पुन्हा दिल्याचं सांगत उमेदवारांनी बहिष्कार टाकला आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. या घोळात गेलेले महिनेही संशोधकाच्याच खात्यातून वजा होतात. निधी मर्यादित आहे, हे उत्तर मी ऐकलंय, आणि २०० च्या मर्यादेपुरतं ते चर्चेला घेता येईल. पण वेळेवर जाहिरात काढायला आणि नवा पेपर सेट करायला निधी लागत नाही.

तुम्ही आज बीएस्सी किंवा एमएस्सीला असाल तर दोन योजना नीट बघा, कारण आपल्याकडे त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. एक, यूजीसीची पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती: महिन्याला १५,००० प्रमाणे वर्षात दहा महिने, देशभरात १०,००० जागा, निवड पदवीच्या गुणांवर, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. हिची रचना मला पटते, कारण ती महिन्याच्या हिशेबात विचार करते. दोन, इन्स्पायर-शी: बारावी बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलं असेल तर वर्षाला ८०,०००. त्यातले २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पाशी जोडलेले आहेत. म्हणजे पैशासोबत प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं निमित्तही मिळतं. बारावीनंतर लगेच ही अट बघितली नाही तर मागाहून उपयोग नाही, तेव्हा धाकट्या भावंडांना सांगा. फटीच्या काळासाठी मला दिसणारा व्यवहार्य मार्ग म्हणजे कुणाच्या तरी चालू प्रकल्पातलं प्रोजेक्ट असिस्टंटचं पद. त्यासाठी चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागायची वाट बघू नका, तिसऱ्यातच प्राध्यापकांना ईमेल लिहायला लागा.

एक तांत्रिक गोष्ट, जी ऐकायला क्षुल्लक वाटते. डीबीटीचा पैसा तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारशी जे खातं सगळ्यात शेवटी जोडलं गेलं, त्यात तो जातो. सिमकार्ड घेताना कुणी नवं खातं उघडून दिलं असेल तर तेही तपासा. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' कोणत्या खात्याला आहे ते विचारायचं, पासबुकवर आधार नंबर लिहिलाय एवढ्यावर थांबायचं नाही.

आणि ज्यांना रिसर्च मेथडॉलॉजीचा सराव हवा आहे, त्यांच्यासाठी एक काम. महाडीबीटीवर तुमच्या अर्जापुढे प्रत्येक टप्प्याची स्थिती दिसते: कॉलेजचा लिपिक, प्राचार्य, जिल्हा कार्यालय, विभाग. अर्ज प्रत्येक टेबलावरून ज्या दिवशी पुढे सरकला, ती तारीख वहीत लिहून ठेवा. वर्गातल्या वीस जणांच्या अशा नोंदी जमल्या की कुठे किती दिवस गेले याचा साधा आलेख निघतो. मग दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात जिल्हा कार्यालयाला विचारा: मागच्या शैक्षणिक वर्षात यवतमाळ जिल्ह्यातून अमुक योजनेचे किती अर्ज आले, प्रत्येकाची मंजुरीची तारीख कोणती, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याची तारीख कोणती. 'पैसे मिळाले का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'होय' असं येतं. दोन तारखा मागा आणि वजाबाकी तुम्ही करा.