कूळ, मजूर आणि 'अधन'

पेण-रोहे भागात शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा दशकानुदशके टिकला, त्याची मुळे चरीच्या संपात आहेत. पेणहून अलिबागकडे जाताना लागणाऱ्या चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ या काळात खोतांची शेते कसण्यास नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे नेते होते. बाबासाहेब या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. हे श्रेय वाटून घेण्याइतके मोठे आहे. त्याविषयी आमचा वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या विचाराशी. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. पुढे शंकरराव मोरे, केशवराव जेधे काँग्रेसमध्ये परतले. चर्चा झाली ती तत्त्वाच्या शुद्धतेची. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेतील 'कसणारा' कोण, हे मात्र गृहीतच धरले गेले. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कूळ मालक झाला. ज्याच्या नावे कूळ म्हणून नोंदच नव्हती, तो कातकरी आणि बौद्धवाड्यातील मजूर बांधावरच राहिला. वस्तुतः नांगर त्याच्याही हाती होता!

पालि वाङ्मयाकडे वळताना आम्ही सावध असतो. कूटदन्त सुत्तातील पुरोहित राजाला शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास वेतन द्यावयास सांगतो. तेथेही भूमिहीन दिसत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. चक्कवत्तिसीहनाद सुत्ताची भाषा निराळी आहे. राजाने 'अधनां'ना, म्हणजे ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांना, धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य, चोरी, शस्त्र आणि हत्या अशी परंपरा वाढली. 'अधन' हा शब्द धंदा विचारीत नाही, सातबारा तर नाहीच नाही. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा प्रश्न बाबासाहेबांनी १९५६ साली काठमांडूत मांडला, तो प्रामुख्याने साधनांचा होता. आम्हांला त्यात हा 'कोणाचा' प्रश्नही जोडावासा वाटतो.

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रावर जनमत घेण्यात आले. प्रा. एन. डी. पाटील आदींच्या लढ्याचे ते फळ होते आणि पुढे भूसंपादन बारगळले. मत विचारले गेले ते ज्यांची जमीन जाणार होती त्या शेतकऱ्यांना. त्याच शेतांत लावणी-कापणीला जाणाऱ्या बाईची मजुरी जाणार होती. तिच्यासाठी मतपत्रिका नव्हती.