मर्यादित साधने आणि इष्टतम वेळापत्रक : एक चिकित्सा

प्रास्ताविक

प्रकल्पनियोजनाच्या आधुनिक शास्त्राचा पाया १९५७-५८ च्या सुमारास घातला गेला. ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या कामातून निर्णायक मार्ग पद्धती, म्हणजेच 'क्रिटिकल पाथ मेथड', पुढे आली, तर अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून 'पर्ट' ही पद्धती. दोहोंनी कामांचा पूर्वापर संबंध जाळ्याच्या रूपात मांडला. मात्र माणसे व यंत्रे हवी तेव्हा, हवी तितकी मिळतील, हे मूळ मांडणीत गृहीत होते. प्रत्यक्षात क्रेन एकच असते आणि गवंडी मोजकेच.

पद्धतींची वाटचाल

साधनांची मर्यादा मान्य करताच प्रश्नाचे स्वरूप पालटते. प्रित्स्कर, वॉटर्स व वोल्फ यांनी १९६९ मध्ये तो शून्य-एक चलांच्या गणिती प्रारूपात बसविला. हा प्रश्न 'एनपी-हार्ड' वर्गातील असल्याचे ब्लाझेविच, लेन्स्ट्रा व रिनॉय कान यांनी १९८३ मध्ये दाखविले. म्हणजेच प्रकल्प कितीही मोठा असला तरी इष्टतम उत्तराची हमी वाजवी वेळेत देणारी सर्वसाधारण रीत ज्ञात नाही. परिणामी संशोधनाचे दोन प्रवाह झाले. 'ब्रँच अँड बाउंड'सारख्या अचूक पद्धती हा एक. प्राधान्यनियम, जेनेटिक अल्गोरिदम यांसारख्या सन्निकट पद्धती हा दुसरा.

कोलिश व श्प्रेशर यांनी १९९६ मध्ये सादर केलेला 'पीएसपीलिब' हा समस्यासंग्रह दोन्ही प्रवाहांना समान मापदंड देऊन गेला. त्यात ३०, ६०, ९० व १२० कामांची उदाहरणे आहेत. ३० कामांच्या सर्व ४८० उदाहरणांची इष्टतम उत्तरे ज्ञात आहेत. १,०००, ५,००० किंवा ५०,००० वेळापत्रके तपासण्याची मर्यादा घालून पद्धतींची तुलना करण्याचा प्रघातही याच संग्रहाभोवती रुजला. त्यामुळे दाव्यांना पडताळणीची शिस्त लागली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

मापदंडाची मर्यादा

तथापि मोजण्याचे साधन हेच हळूहळू साध्य बनले. या संग्रहातील मूळ उदाहरणांत प्रत्येक कामाचा कालावधी निश्चित, साधने स्थिर आणि उद्दिष्ट एकच : प्रकल्पाचा एकूण कालावधी कमीत कमी करणे. सरासरी विचलनात टक्क्याच्या अंशाने झालेली घट म्हणजे प्रगती, असे समीकरण त्यातून रूढ झाले.

या दृष्टीतील उणीव एका लहान उदाहरणाने स्पष्ट होते. एका बांधकामावर तीन गवंडी आहेत आणि परस्परांवर अवलंबून नसलेली तीन कामे आहेत. पहिल्यास दोन गवंडी चार दिवस, दुसऱ्यास दोन गवंडी तीन दिवस व तिसऱ्यास एक गवंडी सात दिवस लागतो. निर्णायक मार्ग पद्धतीनुसार पहिल्या कामास तीन व दुसऱ्यास चार दिवसांची सवड आहे. साधनांचा विचार करताही इष्टतम कालावधी सातच दिवस येतो. पण एकूण श्रम २१ मनुष्यदिन आणि उपलब्धताही नेमकी २१ मनुष्यदिनांची असल्याने सवड मात्र पूर्णपणे नाहीशी होते. कोणतेही एक काम एक दिवस लांबले की संपूर्ण प्रकल्प लांबतो. म्हणजे कागदावर जे सर्वोत्तम, तेच येथे सर्वांत ठिसूळ ठरते. उलट मुदतच आठ दिवसांची ठरविल्यास कोणत्याही एका कामातील एका दिवसाचा विलंब पचतो. असा विलंब ज्या वेळापत्रकात पचत नाही, तेथे त्याची किंमत शेवटी जादा तास राबणाऱ्या कामगारास किंवा दंड भरणाऱ्या कंत्राटदारास मोजावी लागते.

एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या 'क्रिटिकल चेन' विचाराने या ठिसूळपणाकडे लक्ष वेधले आणि राखीव कालावधीचा उपाय सुचविला. तथापि साखळीच्या लांबीच्या निम्मा काळ राखून ठेवण्याचा त्यातील ठोकताळा प्रत्येक प्रकल्पास सारखाच लागू पडेल, असे नाही. हेरोलेन व लेअस यांनी २००१ मध्ये या पद्धतीचे गुणदोष तपासताना अतिसुलभीकरणाचा धोका दाखवून दिला, तो योग्यच होय.

समारोप

इष्टतमीकरणाच्या पद्धती निरुपयोगी आहेत, असा या चिकित्सेचा अर्थ नाही. साधने अपुरी असताना केवळ अंदाजाने आखलेले वेळापत्रक अधिकच घातक असते. अपेक्षा इतकीच की, नव्या पद्धतीने किती दिवस वाचविले याबरोबरच कामे लांबल्यास ते वेळापत्रक कितपत तग धरते, हेही संशोधनाने नोंदवावे. पहिल्याच विलंबाने कोलमडणाऱ्या वेळापत्रकास इष्टतम म्हणणे हे गणिताच्या दृष्टीने बरोबर असले, तरी नियोजनाच्या दृष्टीने अपुरे आहे.