खिडकीचे माप आणि मराठी अक्षर

रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू इमॅक्स (१९८५) या मजकूर-संपादकात पडद्यावरील चौकटीचे भाग म्हणजे खिडक्या. एक रुंद केली की शेजारची आक्रसते, आणि हे सारे आज्ञावली लिहून साधता येते. हा गुण मोठाच. आमचा आक्षेप एककाला आहे. तेथे रुंदी मुळात रकान्यांत मोजतात. रकाना म्हणजे ठरावीक टंकातील एका अक्षराची जागा. तालुक्यांची यादी करताना आम्ही ‘शिरूर’ आणि ‘दौंड’ टंकले. संगणकाच्या हिशेबी चिन्हे ५ आणि ४. डोळ्यांना दिसणारी अक्षरे ३ आणि २. चिन्हे मोजून खिडकी बेतली, तर माप चुकणारच. २०१४ च्या २४.४ आवृत्तीपासून मजकूर पिक्सेलमध्ये मोजता येतो, खिडकीही त्याच मापाने बेतता येते. मराठीसाठी तेच माप घ्यावे. मोजण्याआधी एकक तपासा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. संगणकही त्याला अपवाद नाही.