‘अरेबियन नाइट्स’मधील मंत्रज्ञ स्त्रिया : हेतू, निवेदन आणि न्याय

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून मराठीत आणावयास 1861 मध्ये आरंभ केला. पुढे एका शतकाहून अधिक काळाने, 1976-77 मध्ये, गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टन याच्या संहितेवरून तीच कथामाला सोळा खंडांत मराठीस दिली. अद्‌भुताची एवढी मोठी माला मराठी वाचकाच्या हाती दुसरी क्वचितच असेल. या मालेत मंत्रविद्या जाणणाऱ्या स्त्रिया वारंवार भेटतात. कोणी नवऱ्याचा कुत्रा करते, कोणी सवतीची गाय करते, कोणी वानर झालेल्या पुरुषास पुन्हा माणूस करते. या स्त्रियांचा न्याय कसा करावयाचा, याविषयी अभ्यासकांत दोन पक्ष पडलेले दिसतात. पहिला पक्ष जुना आहे. त्याच्या मते या स्त्रिया मत्सर, वासना आणि कपट यांच्या मूर्ती असून कथा त्यांना योग्य तेच शासन करते. दुसरा पक्ष गेल्या काही दशकांतला. तो म्हणतो की, ज्या समाजात स्त्रीला दुसरे कोणतेही सामर्थ्य नव्हते तेथे तिने मंत्राचा आश्रय केला, आणि तिचे कृत्य हे मुळात तिच्यावरील अन्यायाचे उत्तर आहे.

दोन्ही पक्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. या स्त्रियांचे हेतू कथेतून आपणांस कळलेले आहेत, असे दोघेही धरून चालतात. ते खरोखर कळलेले आहेत काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

मालेच्या अगदी आरंभी येणारी पहिल्या वृद्धाची आणि हरिणीची कथा घ्यावी. एक वृद्ध साखळीने बांधलेली हरिणी घेऊन येतो आणि ही आपली पत्नी, आपल्या चुलत्याची मुलगी, असे सांगतो. सुमारे तीस वर्षांच्या संसारात तिला मूल झाले नाही, म्हणून त्याने एक दासी ठेवली व तिच्यापासून त्यास पुत्र झाला. मुलगा पंधरा वर्षांचा असता वृद्ध प्रवासास गेला. लहानपणापासून मंत्र जाणणाऱ्या पत्नीने मागे मुलाचे वासरू व त्याच्या आईची गाय केली, दोघांना गुराख्याच्या स्वाधीन केले, आणि नवरा परतल्यावर दासी मेली व मुलगा पळून गेला असे सांगितले. पुढे बकरीदला कुर्बानीसाठी तीच गाय आणली गेली. ती हंबरली, रडली. वृद्धास दया आली. तरीही पत्नीच्या आग्रहावरून त्याने ती कापविली. आत मांस नाही, चरबी नाही. केवळ कातडे आणि हाडे.

या कथेत हत्या कोणाच्या आज्ञेने झाली? वृद्धाच्या. न जाणता झाली हे खरे. परंतु कथेचा सगळा रोष पत्नीवर एकवटतो आणि आज्ञा देणारा केवळ शोकग्रस्त पिता म्हणून उरतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पत्नीच्या मत्सराविषयी जे काही कळते ते नवऱ्याच्या तोंडून कळते. तिला मुलाचा द्वेष वाटत होता की म्हातारपणी आपण घराबाहेर पडू याचे भय वाटत होते, याविषयी कथेत तिचा एकही शब्द नाही. हरिणीस वाचा नसते.

शिवाय वृद्ध ही हकीकत सहज सांगत नाही. एका व्यापाऱ्याच्या हातून नकळत इफ्रिताचा पुत्र मेला आहे, आणि इफ्रित त्याचा जीव घ्यावयास उभा आहे. माझी कथा अद्‌भुत वाटल्यास याच्या रक्ताचा एक तृतीयांश मला द्यावा, असा वृद्धाचा करार आहे. म्हणजे कथा ही खंडणी आहे आणि हरिणी हा तिचा पुरावा. ज्या कथेचे मोल तिच्या विलक्षणतेवर ठरावयाचे, त्या कथेत अपराधी स्त्री जितकी काळी रंगेल तितके बरे. आणि या सर्वांच्या बाहेर शहरजाद बसलेली आहे. तिचा श्रोता स्त्रीजातीवरचा विश्वास गमावलेला, रोज एक वधू मारणारा राजा. पहिल्याच रात्री त्याच्यापुढे दुष्ट पत्नीची कथा मांडणे हे तिचे धोरण असावे. जे त्यास पटते तेथून आरंभ केल्याशिवाय तो ऐकणार नाही. तेव्हा हरिणीचा हेतू आपल्यापर्यंत येतो तो दोन सौद्यांतून गाळून. अशा साक्षीवर तिला दोषी ठरविणे जितके अवघड, तितकेच तिला पीडित म्हणून मुक्त करणेही अवघड आहे.

याच कथेत दुसरी मंत्रज्ञ स्त्री आहे, आणि तिच्याकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले आहे. गुराख्याची मुलगी वासरू पाहताच तोंड झाकून घेते, कारण तिला त्याच्या ठायी परका पुरुष दिसतो. मुलाला पूर्ववत करण्याबद्दल वृद्ध तिला आपले गोधन देऊ करतो. धनाची इच्छा नाही असे सांगून ती दोन अटी घालते : मुलाशी आपला विवाह व्हावा, आणि त्याच्यावर मंत्र घालणारीवर मंत्र घालण्याची मोकळीक मिळावी; कारण त्यावाचून तिच्या कपटापासून आपण सुरक्षित नाही. वृद्ध आनंदाने मान्य करतो; किंबहुना, पत्नीचे रक्तही तुला माफ, असे म्हणतो. मुलाला कोणी विचारत नाही. त्या घरात नव्याने येणारी सून सासूस हरिणी करून प्रवेश करते, आणि कथा हे न्याय म्हणून नोंदविते. विद्या तीच, रूपांतर तेच, स्वतःच्या स्थानाची चिंताही तीच. भेद एवढाच की दुसरीने घरच्या पुरुषाची अनुज्ञा घेतली होती, आणि तिचा हेतू तिच्याच तोंडून ऐकू येतो.

मराठी वाचकाच्या बाबतीत या भेदाला भाषेचे साहाय्य मिळते, हे येथे नोंदविले पाहिजे. अरबीत ‘सिहर’ या एका शब्दाने जादूचा बोध होतो, करणारी ‘साहिरा’. मराठीत मात्र ही कथा सांगू लागताच निवड करावी लागते. गुराख्याच्या मुलीला ‘चेटकीण’ म्हणण्यास जीभ धजत नाही. ती ‘मंत्रविद्या जाणणारी’ होते. वृद्धाच्या पत्नीस ‘चेटकीण’ म्हणताना मात्र कोणी अडखळत नाही. पुरुषासाठी ‘मांत्रिक’ हा भीतीयुक्त आदराचा शब्द आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप रूढच झाले नाही. ‘चेटूक’ ज्या संस्कृत ‘चेटक’ शब्दाशी जोडला जातो त्याचा अर्थ सेवक असा आहे. वज्रयानात पूज्य असलेली ‘डाकिनी’ बोलीत ‘डाकीण’ होऊन हीन झाली. उलट ‘योगिनी’ची ‘जोगीण’ झाली तरी तिचे पावित्र्य सर्वस्वी गेले नाही; अंधेरीच्या शेजारचे जोगेश्वरी हे उपनगर तेथील प्राचीन शैव लेण्यातल्या योगेश्वरीचेच नाव वागवीत आहे. मुलुंड-बोरिवलीच्या नाट्यगृहांत मुले जी चेटकीण पाहून खदखदून हसतात ती रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली, आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकर व 2018 च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले या पुरुष नटांनी गाजविली. हे हसणे निरुपद्रवी आहे. परंतु सातपुड्यात, नंदुरबारकडच्या पाड्यांत, ‘डाकीण’ हा शब्द जिवंत स्त्रीला लावला गेला आहे आणि त्यापायी स्त्रियांना मारहाण झाली आहे. 2013 च्या महाराष्ट्र जादूटोणाविरोधी अधिनियमाला असा आरोप करणे हाच गुन्हा ठरवावा लागला. तेथेही हेतू सांगतात ते शेजारीच. तेव्हा शब्दाच्या निवडीत न्यायनिवाडा आधीच उरकला जातो, ही बाब केवळ कोशकाराच्या कुतूहलाची नव्हे.

मग या स्त्रियांविषयी कोणताच नैतिक निर्णय देता येत नाही काय? येतो, मात्र तो सांगितलेल्या हेतूवर न उभारता घडलेल्या कृत्यावर, आणि ते कोणास भोवले यावर उभारला पाहिजे. कृष्णद्वीपांच्या राजाची कथा येथे उपयोगी पडते. राणी नवऱ्याला रोज रात्री गुंगीचे पेय पाजून एका हबशी गुलामाकडे जाते. नवरा गुलामाला जखमी करतो. राणी त्या मूक, मरणोन्मुख प्रियकरासाठी शोकगृह बांधून तीन वर्षे विलाप करते. घाव नवऱ्याने घातला हे कळताच ती त्याचे कमरेखालचे शरीर दगडाचे करते व रोज शंभर फटके मारते. जुना पक्ष येथे वासना पाहतो. परंतु जो बोलू शकत नाही, ज्याच्यापासून सुख नाही, त्याची तीन वर्षे सेवा करणे याला वासना म्हणणे कठीण आहे. कथेचा तिटकारा पुष्कळसा त्या गुलामाच्या वर्णाविषयीचा आहे, आणि आजच्या वाचकाने त्यात सहभागी होण्याचे कारण नाही.

येथपर्यंत दुसऱ्या पक्षाचे म्हणणे टिकते. पण राणी एवढ्यावर थांबत नाही. ती सबंध नगराचे सरोवर करते आणि नगरजनांचे मासे : मुसलमान पांढरे, अग्निपूजक तांबडे, ख्रिस्ती निळे, यहुदी पिवळे. या लोकांनी तिचे काय केले होते? कथा कारण देत नाही, आणि दुसऱ्या पक्षाला ते पुरविता येणार नाही. नवऱ्याशी असलेल्या वैराचे समर्थन होऊ शकेल, निदान त्यावर वाद होऊ शकेल. रंगीत मासे होऊन तव्यावर जाणाऱ्या परक्यांच्या बाबतीत वादास जागा नाही. विशेष हे की, कथेला स्वतःला या अपराधाची फारशी तमा नाही. तिला व्यभिचारच मोठा वाटतो. राणीला मारण्यापूर्वी प्रियकराचा आवाज काढून तिच्याकडून आधी नवरा व मग नगर मोकळे करून घेतले जाते. म्हणजे तिची निष्ठा हीच तिला फसविण्याची किल्ली ठरते, याचीही कथेला खंत नाही.

या राणीसमोर दुसऱ्या कलंदराच्या कथेतील राजकन्या ठेवावी. तीही वानराला पाहून तोंड झाकते. तीही लहानपणी एका वृद्धेकडून विद्या शिकलेली, आणि बापाला त्याचा पत्ताही नाही. बापाच्या शब्दाखातर ती इफ्रिताशी युद्ध करते. सिंह, विंचू, गरुड, लांडगा अशी रूपे पालटतात. डाळिंबाचा एक दाणा निसटतो आणि अखेर अग्नीत दोघेही भस्म होतात. हिने कोणतीही अट घातली नव्हती. अट घालणारी गुराख्याची मुलगी संसार करून कालांतराने मरते. काहीच न मागणारी राख होते, आणि बाप वाचलेल्या माणसाला, तुझ्यामुळे हे झाले, येथून जा, असे सांगतो. जुन्या पक्षाला आदर्श म्हणून जी मान्य व्हावी तिचीच ही गत.

लाब राणीची कथा थोडक्यात आटोपते. प्रियकरांना चाळीस दिवसांनी पशुपक्षी करणारी ती स्त्री विनोदाकडेच अधिक झुकलेली आहे, आणि अखेर स्वतः खेचरी होते. त्याच कथेतली जौहरा मात्र विचार करावयास लावते. बद्र बासिमसाठी तिला मागणी घालण्यात आली, त्यातून युद्ध पेटले, तिचा पिता कैद झाला. ती निर्जन बेटावर पळाली. तेथे बद्र बासिम तिच्यापुढे येऊन, हे सर्व तुझ्याच प्रेमापायी, असे सांगतो. ती त्याला जवळ घेण्याचे निमित्त करून पांढरा पक्षी बनविते. येथे हेतू तिच्या स्वतःच्या मुखाने सांगितला जातो, आणि तो क्षुद्र नाही. याच स्त्रीशी पुढे त्याचा विवाह होतो व कथा तिला कोणतेही शासन करीत नाही. रूपांतरित पक्ष्याला निर्जल बेटावर तहानेने मरण्यासाठी सोडून यावे, अशी जौहराची आज्ञा असते. ती आज्ञा घेऊन निघते एक दासी. तिला मंत्र येत नाही, तिचा या भांडणाशी संबंध नाही. असा देखणा पुरुष तहानेने मरू नये एवढेच तिच्या मनात येते, आणि ती पक्ष्याला झाडे, फळे व झरे असलेल्या बेटावर सोडून परत जाते.