‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्याकडे कादंबरी आठवते, कविता आठवते, फार तर नाटक-सिनेमा. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत सोनाळ्यातल्या माणसाने डोळे ताणून सगळ्यात जास्त वेळ काय बघितलं असेल, तर ती पडद्यावर फिरणारी चकती. सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, कशाचंही काम काढा, मध्ये ती चकती आहेच. आणि वेबपान हेसुद्धा कुणीतरी लिहिलेलं असतं. त्याला लेखक असतो, त्यात शैली असते, आळस असतो, दिखाऊपणा असतो, क्वचित वाचणाऱ्याबद्दल आदरही असतो. मग त्याची समीक्षा का नको? आज तीच करायची आहे.

सुरुवात दोन शब्दांपासून. ‘सर्व्हर डाऊन.’ सेवा केंद्राच्या काउंटरवर हे शब्द आले की आपण उठतो आणि घरी जातो. पाऊस आला म्हणून वेचणी थांबावी तसं. जणू हे वरून आलेलं आहे, कुणी केलेलं नाही. आमचं म्हणणं असं की, ज्याला आपण सर्व्हर डाऊन म्हणतो त्यातलं पुष्कळसं सर्व्हरचं नसतंच. पान जड लिहिलेलं असतं, आणि फोन त्या ओझ्याखाली बसलेला असतो. आणि सर्व्हर खरोखर पडतो, तेव्हाही अनेकदा त्याला नको ते काम नको त्या वेळी सांगितलेलं असतं.

या दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १६ जुलै २०२१, दुपारी एक वाजता दहावीचा निकाल. कोरोनामुळे त्या वर्षी लेखी परीक्षा झाली नव्हती, मूल्यमापन शाळांनी केलं होतं. पंधरा लाखांहून जास्त मुलं. एक वाजला आणि निकालाची संकेतस्थळं बसली ती तासन्‌तास. त्यावर चौकशीची घोषणा झाली, बातम्या झाल्या, आणि ‘एकाच वेळी लाखो जण आले’ हे कारण सगळ्यांनी मान्य करून टाकलं.

हे कारण आम्हाला पटत नाही. निकाल म्हणजे काय, ते बघा. निकाल हा लागल्या क्षणापासून न बदलणारा मजकूर आहे. एका मुलाचं नाव, सहा-सात विषय, गुण, एकूण. साधं लिहिलं तर दोन हजार बाइट पुष्कळ झाले. सोळा लाख मुलं धरा. गुणाकार केला तर ३.२ जीबी होतात. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल मावून वर जागा उरते! मग एकेका मुलासाठी त्या क्षणी डेटाबेसला विचारायचं, उत्तर आलं की पान रचायचं, हा उद्योग दुपारी एक वाजता कशासाठी? सोळा लाख छोटी पानं आदल्या रात्री करून ठेवता येतात. बैठक क्रमांक आणि आईचं नाव यांच्यापासून फाइलचं नाव तयार केलं, तर आज जेवढी गोपनीयता आहे तेवढीच तेव्हाही राहते. सकाळी त्या फाइली निरनिराळ्या शहरांतल्या वाटप-सर्व्हरांवर ठेवल्या की उरतं फक्त मागेल त्याला हातात देणं. हजार पानांची पंगत असली तर आचारी आदल्या रात्रीच भट्टी लावतो. पाहुणा पाटावर बसल्यावर दळण दळायला कुणी जात नाही.

म्हणजे गर्दी हे कारण नाही. गर्दी येणार हे तारीख जाहीर केली तेव्हाच ठरलेलं होतं.

दुसरी घटना आपल्या तालुक्याला जास्त जवळची. २०२५ सालापर्यंत अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरता होता. त्या वर्षी तो पहिल्यांदा सगळ्या राज्याला लागू झाला. संग्रामपूर तालुक्यातलं पोर, ज्याने आतापर्यंत कॉलेजात जाऊन कागदी अर्ज दिला असता, ते मुंबईच्या मुलासोबत एकाच रांगेत आलं. १९ आणि २० मे हे सरावाचे दिवस होते. २१ मे रोजी सकाळी अकराला खरी नोंदणी सुरू व्हायची होती, आणि संकेतस्थळ चाललं नाही. शेवटी नोंदणी २६ मेपासून सुरू झाली.

इथे आम्हाला वेगळीच गोष्ट खुपते. त्या सकाळी अकरा वाजता सगळे का धावले? प्रवेश गुणवत्तेवर, फेऱ्यांनी. अर्ज पहिल्या मिनिटाला भरला काय आणि मुदतीच्या आत चौथ्या दिवशी भरला काय, गुणवत्ता यादीत तसूभर फरक पडत नाही. तरी लोक धावले, कारण आपल्याला अनुभवाने एकच शिकवलंय: उशीर केला तर साइट बंद पडेल. साइट बंद पडेल या भीतीने गर्दी, आणि गर्दीने साइट बंद. या फेऱ्यात सगळ्यात स्वस्त सुधारणा कोडची नव्हे, मजकुराची आहे. पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात एक ओळ: ‘आधी भरल्याने फायदा नाही, नंतर भरल्याने तोटा नाही.’ फार तर शंभर-दोनशे बाइट. ऑप्टिमायझेशन म्हणजे हेही, बरं का. फक्त यंत्राचा वेग नाही.

आता कुठल्याही संकेतस्थळाचं नाव न घेता, अशा फॉर्मांत सर्रास दिसणारी एक रचना जवळून वाचू. समीक्षेत एखादा उतारा घेतात तसा हा उतारा समजा. उतारा आहे: ‘आपले गाव निवडा.’

महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. एक लेखक काय करतो, सगळ्या गावांची यादी पान उघडतानाच फोनवर पाठवून देतो. हिशेब करू. संगणक देवनागरी कशी साठवतो? ‘सोनाळा’ डोळ्यांना तीन अक्षरं. संगणकाला स, ओकार, न, काना, ळ, काना अशी सहा चिन्हं. आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. झाले अठरा. रोमन लिपीत तेच नाव सहा बाइटांत बसतं. गावाचा क्रमांक, बाकी लेबलं धरून एका गावाला साठ बाइट म्हटले, तर चाळीस हजार गावांना चोवीस लाख बाइट. त्यात एक गंमत आहे, जी मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरने एकदा तरी तपासावी. पीएचपी किंवा पायथन ही भाषा जेसन तयार करताना, वेगळं सांगितलं नाही तर, देवनागरी चिन्ह तसंच लिहीत नाही. प्रत्येक चिन्हाच्या जागी सहा रोमन अक्षरांचा संकेत लिहिते. सोनाळ्याचे अठरा बाइट होते, ते छत्तीस झाले. एक पर्याय चालू केला की हे थांबतं. पण इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हे कधी दिसतच नाही, कारण तिथे काहीच वाढत नाही.

कुणी म्हणेल, आजकाल सगळं दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून जातं. खरं आहे, आणि देवनागरी छान दबते, कारण प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच आणि दुसराही बहुधा तोच. पण दाबलेलं फोनवर पोचलं की उलगडावं लागतं, वाचावं लागतं, आणि चाळीस हजार पर्यायांची यादी पानात उभी करावी लागते. ते काम सर्व्हर करत नाही. ते करतो आठ हजारांचा फोन. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर जे डोळा लवायच्या आत होतं, त्याला इथे कित्येक पट वेळ लागतो. अॅलेक्स रसेल नावाचे ब्राउझरवर काम केलेले अभियंते ही दरी वर्षानुवर्षं मोजून मांडत आले आहेत: जगातल्या श्रीमंत फोनांचा वेग वाढत जातो, स्वस्त फोन मागे राहतात, आणि वेब लिहिणाऱ्यांच्या खिशात नेमका पहिल्या प्रकारचा फोन असतो.

दुसरा लेखक याच्या उलट टोकाला. तो काहीच आधी पाठवत नाही. जिल्हा निवडला, अख्खा फॉर्म सर्व्हरकडे जाऊन परत आला. तालुका निवडला, परत तेच. एएसपी डॉट नेटच्या जुन्या वेब फॉर्मांची ही सवयच. बुलढाणा, संग्रामपूर, सोनाळा: तीन निवडींना तीन वाऱ्या. अंबाबरव्याच्या बाजूला सरकलं की रेंज येते-जाते, हे इथे बसलेल्यांना आम्ही काय सांगावं! दुसऱ्या वारीत रेंज गेली की वर भरलेलं नाव, जन्मतारीख, सगळं पुसलं.

आमच्या मते योग्य जागा या दोघांच्या मध्ये आहे, आणि ती ठरवायला हुशारी लागत नाही, जिल्हा माहीत असावा लागतो. बुलढाण्यात तालुके तेरा, गावं चौदाशेच्या आसपास. जिल्हा निवडला की त्या जिल्ह्याची सगळी गावं एकदाच पाठवा. वरच्याच हिशेबाने ८४ हजार बाइट, दाबल्यावर आणखी बरंच कमी. त्यानंतर तालुका आणि गाव निवडायला नेटची गरजच नाही.

बरं, यादीऐवजी शोधायची चौकट दिली तर? आधुनिक उपाय म्हणून हल्ली तो सगळीकडे दिसतो. त्यात दोन खड्डे आहेत. पहिला: प्रत्येक टंकनाला सर्व्हरकडे विचारणा. रोमन कळफलकावर मराठी उमटवणारा माणूस टाइप करत असताना शब्द अर्धवट बनत, मोडत, पुन्हा बनत असतो. त्या प्रत्येक अर्धवट रूपासाठी विचारणा गेली तर एका गावापायी सात-आठ फेऱ्या. बोटं थांबल्यावर पाव-एक सेकंद वाट बघायची आणि शब्द पुरा झाल्याची ब्राउझरची खूण पाळायची, एवढ्याने हे मिटतं. दुसरा खड्डा जास्त खोल. घाईत रोमन अक्षरांत टाइप केलं की ‘सोनाला’ उमटू शकतं, ‘सोनाळा’ नाही. आणि शोध ल-ळ एक मानत नसेल तर उत्तर येतं: गाव सापडले नाही. माणूस तीनदा टाइप करतो, शेवटी वैतागून केंद्रात पैसे देतो. इकडे प्रोग्रामरच्या तक्त्यावर मात्र शोधाचा वेग उत्तम दिसतो. चुकीचं उत्तर फार लवकर मिळालं ना!

हा तक्ता कसा मोजतो, यावरही थोडं. जेकब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा अजून चालतात: दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या मोजमापात बदल केला. आधी फक्त पहिल्या स्पर्शाला झालेला उशीर मोजत. आता आयएनपी नावाचं माप पानावरच्या सगळ्या स्पर्शांकडे बघतं आणि त्यातल्या जवळपास सगळ्यात वाईट उशिरावर गुण देतं. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. हा बदल आम्हाला रास्त वाटतो. पहिलं प्रकरण चांगलं आणि पुढे कंटाळा, अशा कादंबरीला आपण चांगली म्हणत नाही.

वाईट गुण कशाने पडतात? पुष्कळदा एकाच सवयीने. पानावर एक बदल करायचा, लगेच ब्राउझरला विचारायचं की आता उंची किती झाली, मग पुढचा बदल, पुन्हा विचारायचं. दर वेळी ब्राउझरला अख्ख्या पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते. कापूस वेचताना एक बोंड वेचलं की काट्यावर नेऊन वजन करायचं, परत येऊन दुसरं, असं कुणी करतं का? ओटी भरते, मग गाठोडं, मग वजन. कोडमध्येही आधी सगळी मापं वाचून घ्यावीत, मग सगळे बदल एकदम करावेत. दोनच ओळींची अदलाबदल असते कधी कधी.

आणि फॉन्ट. मराठी दिसावं म्हणून जड फॉन्ट पाठवणारी पानं आहेत, आणि तो येईपर्यंत मजकूर गायब. अँड्रॉइड फोनांत देवनागरीचा सुबक फॉन्ट आधीच असतो. तो वापरा, आणि पानाची भाषा मराठी आहे एवढं कोडमध्ये नमूद करा. म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नव्हे. याला काही खर्च नाही.

या सगळ्यावर प्रोग्रामर मित्रांचं एक ठरलेलं उत्तर असतं: अवेळी केलेलं ऑप्टिमायझेशन हे पापाचं मूळ, असं डोनाल्ड क्नूथ सांगून गेलेत. १९७४ सालचा तो लेख आहे. पण तिथे त्यांचा पुढचा मुद्दा असा की, शंभरातल्या ज्या तीनेक जागा खरोखर निर्णायक असतात, त्या सोडू नयेत. अर्धा मुद्दा तेवढा लोकप्रिय झाला. ‘आपले गाव निवडा’ ही त्या तीन जागांपैकी एक आहे. ‘जतन करा’ हे बटण दुसरी.

त्या बटणाबद्दल सांगतो आणि थांबतो. रेंज गेलेली असताना बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. लाखो माणसं असं करतात तेव्हा आधीच वाकलेला सर्व्हर आडवा होतो. नीट लिहिलेलं पान तीन गोष्टी करतं. भरलेली प्रत्येक चौकट फोनवरच साठवत जातं, म्हणून काही पुसलं जात नाही. अर्जाला एक खूणक्रमांक देतं, म्हणून पाचदा पोचला तरी अर्ज एकच धरला जातो. आणि नेट आलं की स्वतःच पुन्हा प्रयत्न करतं, पण प्रत्येक फोन थोड्या वेगळ्या वेळाने आणि दर वेळी जास्त थांबून, म्हणजे सगळे एकदम दारात येत नाहीत. मुलीने दहा कॉलेजांचा पसंतीक्रम रात्री भरला, रेंज गेली, फोन उशाशी ठेवून ती झोपली, आणि पहाटे रेंज आल्यावर पान उघडलं तेव्हा अर्ज आपोआप जमा झाला. हे ब्राउझरमध्ये आज शक्य आहे, नवं काही शोधून काढायचं नाही.

तिकडे मागे हात वर दिसतोय. विचारा.