तुळजापूरचे नगराध्यक्ष : नामावली आणि इतिहास

लहान शहराच्या नगरपरिषदेंत अध्यक्षांच्या खोलींत बहुधा एक फलक टांगलेला असतो. त्यावर आजवरच्या अध्यक्षांचीं नांवें व कारकीर्दीचीं सालें लिहिलेलीं असतात. पुढें एखाद्या स्मरणिकेंत तोच फलक जसाच्या तसा उतरतो आणि त्यास 'नगराचा इतिहास' ही पदवी मिळते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या पद्धतीवर आहे. राजांच्या वंशावळीस इतिहास म्हणूं नये हें आपल्या संशोधकांनीं केव्हांच ठरविलें. मग अध्यक्षांच्या नामावलीस तो मान कां द्यावा? तुळजापुरापुरता हा प्रश्न तपासून पाहूं.

प्रथम पदाचा विचार. 'महापौर' हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीचा. तो महानगरपालिकेच्या प्रमुखास लागतो. तुळजापुरास नगरपरिषद, म्हणून तेथें नगराध्यक्ष. शब्द नवे असले तरी त्यांमागील प्रश्न जुना आहे. कौटिल्याचा 'नागरिक' हा राजानें नेमलेला अधिकारी होय. उलट गुप्तकालीन दामोदरपूर ताम्रपटांत नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक व प्रथमकायस्थ हे कारभारांत सहभागी झालेले दिसतात. पहिला वरून आलेला, दुसरे नगरांतून वर आलेले. नगरप्रमुख राज्याचा कीं नगराचा, हा खरा प्रश्न. आणि नामावलींत नेमका तोच पुसला जातो.

तुळजापूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या अमलांत जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार असे आणि स्थानिक समित्यांवर सरकारी व सरकारनियुक्त माणसांचा वरचष्मा असे. सोलापूर तेथून अवघें ४५ किलोमीटर. पण तें मुंबई इलाख्यांत. रिपनसाहेबाच्या १८८२ च्या ठरावानंतर तिकडे लोकनियुक्त सभासदांची वाट हळूहळू मोकळी होत गेली. देवीचा भक्त एकच, पण सरहद्द ओलांडतांच नगराचा प्रमुख ठरविण्याची रीत बदले.

पुढें १९५६ सालीं हैदराबाद राज्यांत जिल्हा नगरपालिकांचा कायदा झाला व त्याच वर्षीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. महाराष्ट्रांतील निरनिराळ्या विभागांचे नगरपालिका-कायदे १९६५ च्या अधिनियमानें एक केले. या अधिनियमांत अध्यक्षाच्या शेजारीं शासनानें नेमलेला मुख्याधिकारी आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर स्त्रियांस व मागास वर्गांस अध्यक्षपदाचें आरक्षण मिळालें. निवडीची रीतही स्थिर राहिली नाहीं. २००१ सालीं अध्यक्ष थेट मतदारांनीं निवडला. २००६ मध्यें तो अधिकार नगरसेवकांकडे गेला. २०१६ मध्यें मतदारांकडे, २०२० मध्यें पुन्हां नगरसेवकांकडे आणि २०२२ मध्यें पुन्हां मतदारांकडे आला. सबब एकाच फलकावर लागोपाठ आलेलीं दोन नांवें एकाच जातीच्या अधिकाराचीं असतीलच असें नाहीं.

आणखी एक गोम आहे. फलकावर प्रशासकास सहसा स्थान नसतें. २०२१-२२ मध्यें मुदती संपल्यावर डिसेंबर २०२५ च्या मतदानापर्यंत राज्यांतील बहुतेक नगरपरिषदा प्रशासकांच्या हातीं होत्या. पुढील वाचकास फलकावर दोन नांवांमधील तें अंतर दिसेलच असें नाहीं. दिसलें तरी त्याचें कारण समजणार नाहीं. लोकांच्या प्रतिनिधीविना नगर चाललें हीच त्या काळाची मुख्य घटना असतां तीच गाळलेली !

तुळजापुराचा विशेष तर याहून वेगळा. हें यात्रेचें गांव. नवरात्रांत आणि आश्विनी पौर्णिमेस तेथें येणारा समुदाय गांवाच्या वस्तीच्या अनेक पट असतो. त्याचें पाणी, त्याची घाण, त्याची वाट हा नगरपरिषदेचा भार; देवालयाचा कारभार मात्र संस्थानाकडे, आणि त्या संस्थानाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. यात्रेकरूंवर कर बसविण्याची मुभा कायद्यानें नगरपरिषदेस दिली आहे. पण यात्रेकरू मतदार नव्हे. म्हणजे ज्याची सेवा सर्वांत मोठी, त्याला अध्यक्षाचा हिशेब मागतां येत नाहीं. कौटिल्यानें नागरिकाच्या कर्तव्यांत धर्मशाळेंत उतरणाऱ्या वाटसरूंची नोंद, रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यास दंड आणि पुण्यस्थानीं, पाणवठ्यावर व देवळाजवळ घाण करणाऱ्यास अधिक दंड सांगितला आहे. कल्लोळतीर्थ व गोमुखतीर्थ असलेल्या गांवच्या अध्यक्षाची कसोटी याहून निराळी कोणती असणार ?

नामावली निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. नांवें जपलींच पाहिजेत. तीं नसतील तर पुढें शोधाचा धागाच सांपडणार नाहीं. परंतु प्रत्येक नांवापुढें चार गोष्टी असाव्या : त्यास कोणी बसविलें, कोणत्या कायद्यानें, त्याच्या हातीं काय होतें आणि त्या मुदतींत यात्रेची व्यवस्था कशी लागली. पहिल्या दोन गोष्टी राजपत्रांवरून निघतील. उरलेल्या दोन नगरपरिषदेच्या ठरावबुकांत व अंदाजपत्रकांत शोधाव्या लागतील. हीं दप्तरें वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या हातीं जाण्यापूर्वीं त्यांच्या नकला होणें अवश्य आहे. फलक रंगविण्यास एक दिवस पुरतो. ठरावबुक एकदां गेलें म्हणजे तें परत लिहितां येत नाहीं.