करून शिकणे : एका तंत्रविद्यापीठाची उलटतपासणी

दहावीचा निकाल लागला की शाळेत एक प्रश्न हमखास येतो. 'सर, याला तंत्रनिकेतनात घालू, की अकरावी सायन्स करू दे?' बहुतेक वेळा पालकांचे उत्तर आधीच ठरलेले असते. टक्के चांगले असतील तर सायन्स, थोडे कमी पडले असतील तर डिप्लोमा. डोक्याने शिकणारे एकीकडे आणि हाताने शिकणारे दुसरीकडे, अशी ही वाटणी आपण सगळ्यांनीच मान्य करून टाकली आहे.

गंमत अशी की 'पॉलिटेक्निक' या शब्दाला सगळीकडे हाच अर्थ नाही. पॅरिसमध्ये १७९४ साली निघालेले 'एकोल पॉलिटेक्निक' पुढे गणितज्ञांचे माहेरघर बनले. इंग्लंडमधल्या पॉलिटेक्निकांना १९९२ मध्ये विद्यापीठ म्हणवून घेण्याची मुभा मिळाली, आणि बहुतेकांनी तो शब्द पाटीवरून घाईने पुसून टाकला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मात्र एक सरकारी विद्यापीठ हा शब्द आजही नावात मिरवते. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या साधारण मध्यावर, सॅन लुईस ओबिस्पो या गावी असलेले हे 'कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक स्टेट युनिव्हर्सिटी', म्हणजेच 'कॅल पॉली'. 'करून शिका' हे त्याचे ब्रीदवाक्य. या ब्रीदाचे पदवी अभ्यासक्रमात नेमके काय होते, ते आम्ही इथे तपासणार आहोत. कौतुक करण्याजोगे बरेच आहे, पण आमच्या काही तक्रारीही आहेत.

शाळेचे विद्यापीठ

या संस्थेच्या स्थापनेचा कायदा १९०१ साली झाला आणि १९०३ मध्ये वर्ग सुरू झाले. तेव्हा ती शेती, यंत्रकाम आणि गृहशास्त्र शिकवणारी व्यावसायिक शाळा होती. पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या १९४२ मध्ये. आजचे नाव १९७२ पासूनचे. मधल्या काळातला एक डाग सांगायलाच हवा. १९३० ते १९५६ अशी सव्वीस वर्षे इथे मुलींना प्रवेश बंद होता. 'करून शिका' हे ब्रीद तेव्हाही होतेच, पण कोणी करून शिकायचे हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवले होते.

१९३३ ते १९६६ या काळात ज्युलियन मॅकफी या गृहस्थांनी संस्था चालवली. त्यांची एक कल्पना शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तिला 'उलटा अभ्यासक्रम' म्हणत. नेहमीच्या पदवीत आधी दोन वर्षे गणित, भौतिकी आणि भाषा, आणि मग विषयाचे प्रत्यक्ष काम. मॅकफींनी हे उलटे केले. विद्यार्थी पहिल्याच वर्षी गोठ्यात, शेतात, कार्यशाळेत जाई, आणि तत्त्वांचा बराचसा भाग नंतर येई. यामागचा हिशेब सरळ होता. पैशाअभावी कोणी दोन वर्षांत शिक्षण सोडले तरी तो रिकाम्या हाताने घरी जाऊ नये. शिवाय ज्याने पंप उघडून पाहिला आहे, त्याला दाबाचे समीकरण कशासाठी हवे हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला विचारून पहा. इंजिनाचे सुटे भाग त्याने कितव्या वर्षी हातात घेतले?

कॉलेजांची यादी वाचताना

तिथे 'कॉलेज' म्हणजे आपल्यासारखे विद्यापीठाशी संलग्न, वेगळ्या गावातले महाविद्यालय नव्हे. एकाच आवारातल्या विद्याशाखेला ते कॉलेज म्हणतात. सॅन लुईस ओबिस्पोला अशी सहा आहेत : शेती, अन्न व पर्यावरण, वास्तुकला व पर्यावरण रचना, अभियांत्रिकी, कला व मानव्यविद्या, विज्ञान व गणित, आणि व्यवसाय. त्यांत मिळून साठाहून अधिक पदव्या आहेत. २०२५ च्या जुलैत वाय्येहो इथली सरकारी सागरी अकादमीही या विद्यापीठात विलीन झाली.

यादी नुसती चाळली तरी काही गोष्टी डोळ्यांत भरतात. शेतीच्या कॉलेजात दुग्धशास्त्र आहे, वनशास्त्र आहे, द्राक्षे व वाइन यांची पदवी आहे. शेतीची अवजारे व पाणी यांचे अभियांत्रिकी शिक्षणही अभियांत्रिकीत न ठेवता शेतीतच ठेवले आहे. वास्तुकलेच्या कॉलेजात वास्तुविशारद, इमारतीचे बल मोजणारा अभियंता, बांधकामाचे व्यवस्थापन करणारा, बाग-परिसर आखणारा आणि शहर आखणारा असे पाचही जण एका छपराखाली शिकतात. प्रत्यक्ष इमारतीवर ही माणसे एकत्रच काम करतात, तेव्हा शिकतानाही त्यांनी एकमेकांची भाषा ऐकावी, हे शहाणपण त्यात आहे. जवळच्या घळीत विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे बांधलेल्या प्रायोगिक वास्तू उभ्या आहेत. एका वार्षिक स्पर्धेत विद्यार्थी स्वतः रचलेले तात्पुरते निवारे तिथे उभारतात आणि त्यांतच मुक्काम करतात. पाऊस आला तर छप्पर गळते की नाही, याचे गुण वेगळे द्यावे लागत नाहीत.

आणखी एक नोंद खास या मासिकाच्या वाचकांसाठी. तिथे शिक्षकांचे प्रशिक्षण विज्ञान व गणिताच्या कॉलेजात होते. प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्यांची पदवीही त्याच कॉलेजात आहे. भावी शिक्षिका आणि भावी रसायनशास्त्रज्ञ एकाच इमारतीच्या जिन्यावर भेटतात. आपली अध्यापक विद्यालये विज्ञानाच्या प्रयोगशाळांपासून किती मैल दूर असतात, हे आपण जाणतोच.

शेवटच्या वर्षी प्रत्येक पदवीत एक स्वतंत्र प्रकल्प असतो. तो इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही चुकत नाही. ब्रीदवाक्य नुसते भिंतीवर राहू नये, याची ही सोय आहे.

दहा सेंटिमीटरचा घन

या पद्धतीचे सर्वांत चांगले फळ कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही 'क्यूबसॅट'कडे बोट दाखवू. कॅल पॉलीचे होर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ही कल्पना मांडली. अडचण अगदी शिक्षकी होती. विद्यार्थ्यांनी उपग्रह बांधायला घेतला की त्यात एकेक उपकरण वाढत जाई, आणि उपग्रह पुरा होण्याआधी विद्यार्थी पदवी घेऊन निघून जात. मग त्यांनी बंधनच घातले. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर, वस्तुमान सुमारे १ किलोग्रॅम, यात काय बसेल ते बसवा. असे तीन घन एका पेटीत ठेवायचे आणि अवकाशात गेल्यावर स्प्रिंगने बाहेर ढकलायचे, अशी पेटी कॅल पॉलीत तयार झाली. पहिले क्यूबसॅट २००३ मध्ये उडाले. पुढे मोठमोठ्या अवकाशसंस्थांनी हेच माप उचलले, आणि २०१८ मध्ये असे दोन छोटे उपग्रह मंगळाजवळून गेले.

या घनाचा आपल्याशीही संबंध आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' हा याच मापाचा उपग्रह. २२ जून २०१६ रोजी तो पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला. कामाला सुमारे आठ वर्षे लागली. म्हणजे एका तुकडीने सुरू केलेले काम दुसरीने आणि तिसरीने पुढे नेले. उपग्रहाची दिशा स्थिर ठेवायला त्यांनी मोटारी वापरल्या नाहीत, साधा कायमचुंबक वापरला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहते, तसा तो उपग्रह. आठवीच्या वर्गात पट्टीचुंबक दोऱ्याला टांगून आपण जे दाखवतो, तेच तत्त्व. हे महाविद्यालय १८५४ साली सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी निघाले आणि २०२२ मध्ये स्वतंत्र सरकारी तंत्रविद्यापीठ झाले. दोन्ही संस्थांचा प्रवास बराच सारखा आहे, म्हणूनच कॅल पॉलीची तपासणी आपल्या कामाची.

तीन सेंटिमीटरची गोष्ट

आता तक्रारींकडे वळू. त्याआधी आमची स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आम्ही साध्या लंबकाने गुरुत्वीय त्वरण काढत होतो. लांबी ९७ सेंटिमीटर, वीस आंदोलनांना ४०.१ सेकंद. उत्तर आले ९.५. जर्नलवर सही झाली नाही. 'पुन्हा करा' असे सांगण्यात आले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने सोपा उपाय दाखवला. उत्तर ९.८ धरायचे आणि वेळ उलटा काढायचा. ४०.१ च्या जागी ३९.५ लिहिले. सही मिळाली, परीक्षेत गुणही मिळाले.

चूक वेळेत नव्हती. आम्ही नुसता दोरा मोजला होता. हूक आणि गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर असे ३ सेंटिमीटर राहून गेले होते. हे आमच्या ध्यानात आले ते कितीतरी वर्षांनी, संशोधन करताना एका उपकरणाची वाचने जुळेनात तेव्हा. तोपर्यंत आम्ही डझनावारी प्रयोग 'केले' होते. करण्यात काही कमी नव्हती. चूक शोधायला मात्र त्या तासात जागाच नव्हती.

तेव्हापासून कोणताही अभ्यासक्रम हाती आला की आम्ही त्यात एक गोष्ट शोधतो : विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तर पुढे काय होते?

या कसोटीवर कॅल पॉलीत तीन उणिवा दिसतात. पहिली वेळेची. अनेक दशके तिथे वर्षाचे दहा-दहा आठवड्यांचे तुकडे पाडलेले होते. दहा आठवड्यांत उपकरण समजून घ्यायचे, वापरायचे आणि अहवाल द्यायचा. एकदा फसलेले पुन्हा करून पाहायला फार थोडे दिवस उरतात. २०२६ पासून सत्रपद्धती आणण्याचा निर्णय झाला, तो आम्हाला योग्य वाटतो. अर्थात नुसते आठवडे वाढले म्हणून चूक शोधायची सवय लागत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. इथे विद्यापीठात नव्हे, थेट विषयात प्रवेश मिळतो. सतरा वर्षांच्या मुलाने अर्जातच सांगायचे, मी पदार्थविज्ञान अभियांत्रिकी करणार, किंवा दुग्धशास्त्र. पहिल्या सत्रापासून हातात काम द्यायचे तर हे ओघानेच येते, हे आम्ही मान्य करतो. पण करून शिकण्यात 'हे आपले काम नव्हे' हे शिकणेही आले. ते कळल्यावर विषय बदलायचा तर ठरावीक पेपर ठरावीक मुदतीत पुरे करण्याचा करार करावा लागतो, आणि तरी जागा मिळेलच असे नाही. जे विद्यापीठ अनुभवाला गुरू मानते, त्याने अनुभवाने बदललेल्या मताला इतके अवघड का करावे? उदारकला आणि अभियांत्रिकी यांची जोडपदवी काढून भिंतीत खिडकी पाडण्याचा प्रयत्न तिथे झाला. भिंती मात्र तशाच राहिल्या.

तिसरी गोष्ट राज्याच्या धोरणातून आली. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाची आखणी करताना डॉक्टरेट आणि संशोधन एका विद्यापीठसमूहाकडे सोपवले, आणि पदवीचे शिकवणे दुसऱ्याकडे. कॅल पॉली दुसऱ्या समूहात. याचा फायदा मोठा आहे. प्राध्यापक स्वतः पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत उभे असतात. तोटा असा की ज्यांची उत्तरे कोणालाच ठाऊक नाहीत अशा प्रश्नांशी वर्षानुवर्षे झुंजणारी माणसे विद्यार्थ्याच्या आसपास कमी दिसतात. क्यूबसॅट हा त्याला अपवाद, आणि म्हणूनच तो इतका फळला.

आपल्यासाठी काय?

करून शिकणे ही काही आपण परदेशातून आणायची वस्तू नाही. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत नई तालीमचा विचार पुढे आला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि शाळेतून गळालेल्या मुलांना जोडकाम, शेती, वीज यांतून विज्ञान शिकवले. कलबाग स्वतः अमेरिकेत डॉक्टरेट केलेले शास्त्रज्ञ होते. हाताचे काम कमी बुद्धीच्या मुलांसाठी असते, असे त्यांना कधी वाटले नाही. आपल्याकडे उणीव आहे ती हे सर्व मुख्य रस्त्यावर आणण्याची. २०२० च्या शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्याचा उल्लेख आहे. पण शब्द आला म्हणून वस्तू येते असे नाही. जर्नल हा शब्दही कधीकाळी असाच आला होता.

म्हणून आमची एक छोटी सूचना. वर्षातून एक प्रयोग असा ठेवा, की ज्यात उत्तराला गुण नाहीत. लंबकच घ्या. ज्या गटाचे ९.५ येईल त्याला 'पुन्हा करा' असे सांगू नका. 'हे ९.५ कुठून आले ते शोधा' असे सांगा, आणि त्यासाठी पुढचा तासही द्या. दोरा, हूक, गोळा, घड्याळ, मोजणाऱ्याची बोटे, सगळ्यांवर मुले संशय घेतील. कोणीतरी ते ३ सेंटिमीटर शोधून काढील. त्या मुलाला पुढे तंत्रनिकेतनात घातले काय किंवा सायन्सला, फारशी काळजी करण्याचे कारण नाही.